पाळीचे दुखणे अंगावर काढण्याआधी : एंडोमेट्रिओसिस ओळखण्यासाठी आणि त्यावर उपचार घेण्यासाठी

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे आणि गरम पाण्याच्या पिशवीने किंवा एखाद्या साध्या गोळीने बरे वाटणे हा बहुतेक स्त्रियांचा अनुभव असतो. मात्र ज्या दुखण्याने मुलीची शाळा बुडते, कामावर रजा टाकावी लागते, गोळी घेऊनही अंथरुणातून उठवत नाही, किंवा जे दुखणे पाळीच्या आधी दोन-चार दिवस सुरू होऊन पाळी संपल्यावरही रेंगाळते, ते ‘पाळीचे आहे, असायचेच’ असे म्हणून सोडून देऊ नये. अशा दुखण्यामागच्या कारणांमध्ये एंडोमेट्रिओसिस हे एक मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के मुली आणि स्त्रिया, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणी, या आजारासह जगत आहेत. आणि पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत अनेकदा ४ ते १२ वर्षे निघून जातात.

ही वर्षे वाया जाण्यामागे तपासणीच्या साधनांची कमतरता हे एक कारण आहे. पण त्याहून मोठे कारण असे की वेदना सांगणाऱ्या स्त्रीचे म्हणणे पुरतेपणी ऐकले जात नाही, आणि हळूहळू तिलाही आपण उगाच बाऊ करतो असे वाटू लागते. म्हणून या लेखात आजाराची माहिती तर दिली आहेच, पण स्वतःच्या दुखण्याची नोंद कशी ठेवावी आणि त्या नोंदीचा उपयोग तपासणीपासून उपचारापर्यंत कसा करावा, यावर अधिक भर दिला आहे.

आजार नेमका काय आहे

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असते. ते दर महिन्याला हार्मोनच्या प्रभावाने जाड होते आणि गर्भ राहिला नाही की रक्तासोबत बाहेर पडते. त्यालाच आपण पाळी म्हणतो. या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजून वाढू लागल्या, की त्या स्थितीला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अंडाशय, ओटीपोटाच्या आतल्या बाजूचे पातळ आवरण, गर्भाशय आणि मलाशय यांच्यामधली खोलगट जागा, गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे बंध, आतडे आणि मूत्राशय या तिच्या नेहमीच्या जागा आहेत. क्वचित श्वासपटलावर (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर), फुप्फुसाच्या आवरणावर किंवा सिझेरियनच्या जुन्या व्रणातही ती आढळते.

‘बाहेर रुजलेल्या या अस्तरातूनही दर महिन्याला रक्त येते आणि त्याला वाट मिळत नाही, म्हणून दुखते’ असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे पाळी नसतानाही का दुखते हे कोडे सुटत नाही. या पेशी शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर तर वाढतातच, शिवाय स्वतःही थोडे इस्ट्रोजेन तयार करतात. त्यांच्याभोवती सतत दाह राहतो, वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि तिथे चेतातंतूंचे नवे धागे वाढतात. दाह वारंवार होऊन भरत गेल्यामुळे व्रण तयार होतात आणि एरवी एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव एकमेकांना चिकटतात. वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश पोचत राहिल्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जू अधिक संवेदनशील होतात आणि मग एरवी जाणवलीही नसती अशी हालचालही दुखू लागते. दुखणे दीर्घकाळ अंगावर काढू नये असे म्हणण्यामागे हे एक ठोस शारीरिक कारण आहे.

आजाराची ढोबळमानाने तीन रूपे दिसतात. पहिल्यात आवरणावर वरवरचे ठिपके किंवा डाग असतात. दुसऱ्यात अंडाशयात जुन्या, घट्ट, तपकिरी रक्ताने भरलेली गाठ होते. रक्ताच्या त्या रंगावरून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. तिसऱ्यात आजार ५ मिलिमीटरपेक्षा खोल शिरतो आणि आतडे, मूत्राशय किंवा मूत्रपिंडाकडून येणारी नळी यांनाही गुंतवतो. एकाच स्त्रीमध्ये ही तिन्ही रूपे एकत्र असू शकतात.

हा आजार का होतो याचे एकच उत्तर नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये असे मांडले, की पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांमधून (अंडाशयाकडून गर्भाशयाकडे येणाऱ्या नळ्यांमधून) उलटे ओटीपोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. हा विचार आजही महत्त्वाचा मानला जातो. मात्र असा उलटा प्रवाह बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये होतो आणि आजार त्यांच्यातल्या थोड्याच जणींना होतो. म्हणजे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता आणि हार्मोन यांचाही वाटा असला पाहिजे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर धोका वाढतो. लवकर सुरू झालेली पाळी, दोन पाळ्यांमधले कमी अंतर आणि जास्त रक्तस्राव यांचाही त्याच्याशी संबंध दिसतो. अस्वच्छता, चुकीचे वागणे किंवा मन कमकुवत असणे ही या आजाराची कारणे नाहीत, हे येथे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण पुष्कळ जणी मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतात.

लक्षणे कशी ओळखावीत

सर्वांत ओळखीचे लक्षण म्हणजे पाळीतली तीव्र वेदना, आणि त्यातही वर्षागणिक वाढत गेलेली वेदना. पण केवळ पोटदुखी शोधत बसले तर आजाराचा अर्धा भाग नजरेतून सुटतो. संभोगाच्या वेळी खोलवर दुखणे आणि नंतर काही तास ठणकत राहणे, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना गुदद्वाराकडे कळ जाणे, लघवी करताना दुखणे, मांडीत किंवा कंबरेत उतरणारी वेदना, पाळीच्या सुमारास पोट टम्म फुगणे, कधी बद्धकोष्ठता तर कधी जुलाब, मळमळ आणि झोपेनेही न जाणारा थकवा, ही सगळी या आजाराची लक्षणे असू शकतात. पाळीच्याच दिवसांत खांद्याचे टोक किंवा छातीची उजवी बाजू दुखत असेल, तर श्वासपटलावर आजार असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. काही जणींना यातले काहीच होत नाही आणि गर्भधारणेच्या तपासण्या करताना आजार अचानक सापडतो.

लक्षणे अशी विखुरलेली असल्यामुळे रुग्णाची वाटही विखुरते. पोटफुगीसाठी एका डॉक्टरांकडे, लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्यांकडे आणि कंबरदुखीसाठी तिसऱ्यांकडे जावे लागते. आतड्यांचा नाजूकपणा किंवा लघवीचा संसर्ग असे निदान वारंवार होते, पण संसर्गाची तपासणी दर वेळी निर्दोष येते. या सगळ्या तक्रारींना जोडणारा दुवा म्हणजे पाळीचे चक्र, आणि तो दुवा दिसण्यासाठी तारखा लागतात.

आणखी एक गैरसमज असा की हा आजार मोठ्या वयातच होतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांतही तो असू शकतो आणि किशोरवयीन मुलींमध्ये वेदना चक्राशी जुळणारी असेलच असे नाही. दर महिन्याला दोन-दोन दिवस शाळेत न जाणारी मुलगी टाळाटाळ करते आहे असे ठरवण्याआधी तिची तपासणी करून घ्यावी.

वेदनेची नोंदवही

हातात काही पुरावा नसताना डॉक्टरांसमोर बसले की ‘खूप दुखते’ एवढेच सांगितले जाते, आणि ‘खूप’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून किमान दोन आणि शक्य असल्यास तीन पाळ्यांची नोंद ठेवावी. साधी वही पुरते. मोबाइलवर लिहिणे सोयीचे वाटत असेल तर तसे करावे. नोंद रोज करावी, दुखत नसलेल्या दिवसांचीही करावी, कारण दुखण्याचे आणि न दुखण्याचे दिवस एकमेकांशेजारी दिसले तरच चक्राशी असलेला संबंध लक्षात येतो.

प्रत्येक दिवसासमोर वेदनेला ० ते १० मधला एक आकडा द्यावा. ती कुठे आहे आणि कशी आहे हे आपल्याच शब्दांत लिहावे. मुरडा, कळ, ठणका, ओढ, जळजळ, टोचणी या शब्दांनी वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि जाणत्या डॉक्टरांना त्यांतला फरक उपयोगी पडतो. कोणती गोळी, किती वाजता घेतली आणि तिने किती वेळ आराम पडला हे लिहावे. रक्तस्रावाबद्दल ‘जास्त’ असे न लिहिता दिवसाला किती पॅड लागले, एक पॅड तासा-दोन तासांत भिजले का, गुठळ्या पडल्या का, हे लिहावे. शौच, लघवी आणि संभोग यांच्याशी जोडलेल्या वेदनेसाठी वेगळा रकाना ठेवावा; लाजेमुळे नेमक्या याच गोष्टी सांगायच्या राहून जातात आणि निदानासाठी त्याच सर्वांत मोलाच्या असतात.

सगळ्यांत महत्त्वाचा रकाना मात्र वेगळाच आहे. त्या दिवशी दुखण्यामुळे काय करता आले नाही, हे त्यात लिहावे. वेदनेचा आकडा कमी-जास्त वाटू शकतो, पण ‘परीक्षेला बसले पण अर्ध्यातून उठावे लागले’ किंवा ‘बाळाला उचलता आले नाही’ हे वाक्य कुणालाही समजते. भेटीला जाण्याआधी या सगळ्या नोंदींचा अर्ध्या पानाचा सारांश काढावा. तो साधारण असा असावा : ‘गेल्या तीन पाळ्यांत मिळून आठ दिवस मला कामावर जाता आले नाही. दुखणे पाळीच्या तीन दिवस आधी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत शौचाच्या वेळी कापल्यासारखी कळ येते, एरवी येत नाही. गोळीने तीन तास आराम पडतो आणि पुन्हा दुखू लागते. पाच वर्षांपूर्वी हे दुखणे एकाच दिवसाचे होते.’ एवढ्या पाच वाक्यांत जे पोचते, ते पुष्कळदा अर्ध्या तासाच्या बोलण्यातूनही पोचत नाही.

डॉक्टरांशी बोलताना

या सारांशाने बोलण्याची सुरुवात करावी आणि मग आपल्याला येत्या एक-दोन वर्षांत गर्भधारणा हवी आहे की नाही, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून असतो. आई-बहिणीचा इतिहास, आधीच्या शस्त्रक्रिया, आधी घेतलेली हार्मोनची औषधे आणि त्यांचा झालेला त्रासही सांगावा. ‘हे एंडोमेट्रिओसिस असू शकते का, आणि नसेल असे आपल्याला कशावरून वाटते?’ हा प्रश्न नम्रपणे पण थेट विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेण्यात कोणाचाही अपमान नाही. खोल शिरलेल्या आजाराची शंका असेल, तर अशा रुग्णांवर नियमित उपचार करणारे तज्ज्ञ शोधणे फार महत्त्वाचे ठरते.

आतून तपासणी करण्याआधी डॉक्टरांनी संमती घेतली पाहिजे, आणि दुखल्यास थांबा म्हणण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे. आतून तपासणी नको असेल किंवा आधी कधी संभोग झालेला नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे; पोटावरून सोनोग्राफी किंवा एमआरआय असे पर्याय असतात.

तपासण्यांचा अर्थ कसा लावावा

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीची असते, आणि शक्य असेल तेव्हा योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी अधिक स्पष्ट दाखवते. चॉकलेट सिस्ट तिच्यात चांगली दिसते. अनुभवी हातांनी केली तर आतड्याजवळचा खोल आजार आणि चिकटलेले अवयवही ओळखता येतात. आवरणावरचे वरवरचे डाग मात्र तिच्यात सहसा दिसत नाहीत. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य स्वीकारू नये. नॉर्मल सोनोग्राफीने हा आजार नाही असे सिद्ध होत नाही. एमआरआयने खोल आजाराचा नकाशा मिळतो आणि शस्त्रक्रियेच्या आधी त्याचा उपयोग होतो, पण वरवरच्या डागांबाबत त्याचीही तीच मर्यादा आहे.

सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगासाठीही वापरली जाणारी रक्ताची तपासणी पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती इतर अनेक कारणांनी वाढते आणि आजार असूनही सामान्य येऊ शकते, त्यामुळे निदानासाठी तिच्यावर विसंबू नये. तिचा आकडा वाढलेला दिसला म्हणून कर्करोगाच्या भीतीने रात्र-रात्र जागणाऱ्या स्त्रियांसाठी हे मुद्दाम सांगितले आहे.

पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहून, म्हणजे लॅप्रोस्कोपी करून, तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. ‘एश्रे’ या प्रजननवैद्यकातील युरोपीय संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ही भूमिका बदलली. लक्षणे आणि चित्र-तपासण्या यांवरून आजाराची शंका आली, तर शस्त्रक्रियेची वाट न पाहता औषधोपचार सुरू करता येतात. चित्र-तपासण्यांत काही दिसले नाही किंवा औषधांनी आराम पडला नाही किंवा ती देणे योग्य नसले, तर लॅप्रोस्कोपीचा विचार करावा असे त्या सांगतात. या बदलामुळे कित्येक जणींची प्रतीक्षा कमी होऊ शकते.

लॅप्रोस्कोपी झाल्यावर अहवालात आजाराची पायरी १ ते ४ अशी लिहिलेली असते. ही पायरी डाग, गाठी आणि चिकटलेले भाग किती आहेत यावरून ठरते, दुखते किती यावरून नाही. पहिल्या पायरीतली स्त्री वेदनेने कळवळत असू शकते आणि चौथ्या पायरीतल्या स्त्रीला काहीच जाणवत नसू शकते. त्यामुळे ‘थोडाच आजार आहे, मग एवढे कसे दुखते?’ या प्रश्नाला वैद्यकीय आधार नाही.

गर्भाशयाच्या स्नायूतच असे अस्तर शिरले तर त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. त्यात दुखण्याबरोबर रक्तस्राव फार होतो आणि ते एंडोमेट्रिओसिससोबत अनेकदा आढळते. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा वेगळा आजार आहे. त्यात पाळी लांबते किंवा चुकते, आणि अशी तीव्र वेदना हे त्याचे मुख्य लक्षण नसते.

उपचार कसे निवडावेत

हा आजार मुळापासून कायमचा घालवणारे औषध आज उपलब्ध नाही. वेदना आटोक्यात ठेवता येते, वाढ रोखता येते आणि गर्भधारणेला मदत करता येते. या तिन्हींपैकी आत्ता आपल्याला काय हवे आहे हे स्पष्ट झाले की उपचारांची निवड सोपी होते.

वेदनाशामकांपैकी आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रिया रोखतात, म्हणून ती दुखणे शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, किंवा पाळीची तारीख निश्चित असेल तर आदल्या दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि जेवणानंतर घेतलेली अधिक उपयोगी पडतात. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत; गर्भधारणेसाठी प्रयत्न चालू असतील तर तेही सांगावे. दर महिन्याला गोळ्यांची संख्या वाढत चालली असेल, तर तो उपचार बदलण्याचा संकेत समजावा.

हार्मोनच्या औषधांचा हेतू अंडाशयाचे चक्र शांत करणे आणि पाळी कमी करणे किंवा थांबवणे हा असतो. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या (ज्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही हार्मोन असतात), डायनोजेस्ट किंवा नॉरएथिस्टेरॉनसारख्या केवळ प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या, आणि गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉर्जेस्ट्रेल हार्मोनचे साधन हे नेहमीचे पर्याय आहेत. संयुक्त गोळ्या खंड न पाडता घेतल्या तर पाळीच येत नाही. औषधाने पाळी थांबली तर ‘घाण रक्त’ आत साठेल ही भीती निराधार आहे, कारण अस्तरच जाड होत नाही आणि साठण्यासारखे काही उरत नाही. ज्यांना दृष्टीपुढे चमक दिसून सुरू होणारी अर्धशिशी आहे, ज्यांच्या रक्तवाहिनीत पूर्वी गुठळी झाली आहे, किंवा ज्यांचे वय ३५ च्या पुढे असून ज्या धूम्रपान करतात, त्यांना संयुक्त गोळ्या देत नाहीत. प्रोजेस्टोजेनवर सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडणे, स्तन दुखणे, मन उदास होणे असे होऊ शकते. डाग पडतात म्हणून औषध लागू पडले नाही असे लगेच ठरवू नये, पण मनावर परिणाम होत असेल तर तो सहन करत बसू नये. डायनोजेस्टची गोळी घेत असताना गर्भ नको असेल तर निरोधसारखे वेगळे साधन वापरावे लागते.

यांनी भागले नाही तर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेश रोखणारी औषधे दिली जातात. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने त्यांपैकी जुनी. तोंडाने घ्यायची एलागोलिक्स ही गोळी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाली. या औषधांनी इस्ट्रोजेन फार खाली येते, त्यामुळे अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे आणि हाडांची घनता कमी होणे हे त्रास संभवतात. म्हणून इंजेक्शने दीर्घकाळ द्यायची झाल्यास सोबत थोड्या प्रमाणात हार्मोन दिले जातात. ते दिले जाणार आहेत का, हे आवर्जून विचारावे. इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दुखणे तात्पुरते वाढू शकते, हे आधी माहीत असले तर घाबरायला होत नाही.

उपचार सुरू केल्यावर नोंदवही बंद करू नये. तीन महिन्यांनी आधीची पाने आणि नंतरची पाने शेजारी ठेवून पाहावीत. औषध चालू ठेवायचे की बदलायचे हे त्यावरून सगळ्यांत नेमके ठरते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आजाराचे डाग कापून काढतात किंवा जाळतात, चिकटलेले भाग सोडवतात आणि चॉकलेट सिस्टची भिंत काढतात. गाठीतले द्रव नुसते ओढून घेतले तर ती पुन्हा भरण्याची शक्यता जास्त असते. भिंत काढताना मात्र अंडाशयातली काही चांगली बीजेही जातात, आणि दोन्ही बाजूंना किंवा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होत असेल तर हे नुकसान वाढते; म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने आधी एएमएच या रक्ततपासणीने बीजसाठ्याचा अंदाज घ्यावा आणि शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का हे विचारावे. पोट उघडायची वेळ येईल का, आतड्यावर किंवा मूत्राशयावर काम करावे लागेल का, तसे झाल्यास त्या विषयाचे शल्यविशारद सोबत असतील का, या प्रश्नांची उत्तरे भूल देण्याआधी मिळाली पाहिजेत. शस्त्रक्रियेनंतर काहीच औषध घेतले नाही तर पाच वर्षांत सुमारे ४० ते ५० टक्के स्त्रियांमध्ये आजार परत येतो असे दिसले आहे, त्यामुळे लगेच गर्भधारणा नको असेल तर नंतर हार्मोनचा उपचार दीर्घकाळ चालू ठेवतात.

गर्भाशय काढणे हा रामबाण उपाय म्हणून सुचवला जातो. आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो. तो मागे राहिला तर गर्भाशय गेल्यावरही वेदना राहू शकते. इतर उपायांनी आराम न पडलेल्या आणि मूल नको असलेल्या काही स्त्रियांना या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो, विशेषतः सोबत अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर, पण त्याच वेळी बाहेरचे डागही काढले जाणार आहेत याची खात्री करून घ्यावी. तरुण वयात दोन्ही अंडाशये काढल्यास रजोनिवृत्ती एकदम येते आणि हाडांवर व हृदयावर तिचे परिणाम होतात, त्यामुळे हा निर्णय घाईने घेऊ नये.

मूल हवे असेल तेव्हा

या आजारातल्या सुमारे ३० ते ५० टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते असे मानले जाते; याचाच दुसरा अर्थ असा की पुष्कळ जणींना नैसर्गिकरीत्या मूल होते, आणि निदान झाले म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही. हार्मोनची औषधे वेदनेवर चालतात पण गर्भधारणेची शक्यता वाढवत नाहीत, उलट ती चालू असेपर्यंत गर्भधारणा सहसा होत नाही. म्हणून ‘आधी सहा महिने औषध, मग प्रयत्न’ असा सल्ला मिळाला तर त्याचे कारण विचारावे. आजार ठाऊक असताना एक वर्ष वाट पाहण्यापेक्षा लवकर वंध्यत्व-तज्ज्ञांना भेटणे चांगले, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर विशेषच. जोडीदाराची वीर्यतपासणीही त्याच वेळी व्हावी. आजाराचे नाव सापडले की सगळा शोध स्त्रीपाशीच थांबतो आणि महत्त्वाचा वेळ जातो. वय, बीजसाठा, बीजवाहिन्यांची स्थिती आणि किती काळ प्रयत्न झाले यांवरून शस्त्रक्रिया, गर्भाशयात वीर्य सोडणे किंवा आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणे) यांपैकी काय आधी करायचे ते ठरते. चॉकलेट सिस्ट दिसली म्हणून आयव्हीएफच्या आधी ती काढलीच पाहिजे असा नियम नाही.

‘मूल झाले की आपोआप बरे होईल’ हे घरातून आणि कधी दवाखान्यातूनही ऐकू येते. गरोदरपणात पाळी नसल्याने काही जणींना आराम पडतो, पण तो टिकेलच असे नाही. उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असेच आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मूल हवे म्हणून व्हावे. दुखण्यावरचे औषध म्हणून नाही.

रोजचे जगणे

वर्षानुवर्षांच्या वेदनेमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहतात आणि मग तेच वेगळे दुखू लागतात. अशा वेळी त्या भागाचे शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून स्नायू सैल करण्याचे व्यायाम शिकावेत. शेक, त्वचेवर लावायचे, सौम्य विद्युतप्रवाह देणारे टेन्स यंत्र, झेपेल एवढे चालणे आणि पुरेशी झोप यांनी मदत होते. कोणताही एक आहार हा आजार बरा करतो असे सिद्ध झालेले नाही. कशाने पोट फुगते हे आपल्या नोंदवहीतून ओळखून तेवढे टाळावे, आणि शरीर ‘शुद्ध’ करण्याच्या महागड्या उपायांपासून दूर राहावे. दीर्घ वेदनेसोबत नैराश्य आणि चिंता येतात. त्यासाठी समुपदेशकांची मदत घेणे म्हणजे दुखणे मनाचे आहे असे मान्य करणे नव्हे. संभोग दुखत असेल तर जोडीदाराला ते नोंदवहीतल्याइतक्याच स्पष्ट शब्दांत सांगावे. सहन करून गप्प राहिले की अबोला वाढतो आणि पुढच्या वेळी स्नायू आणखी आवळतात.

काही लक्षणांसाठी मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नये. अचानक एका बाजूला असह्य कळ येऊन उलट्या होणे, ताप येणे किंवा चक्कर येऊन पडणे ही गाठ फुटल्याची किंवा अंडाशयाला पीळ पडल्याची चिन्हे असू शकतात. पाळी चुकलेली असताना असे झाले तर गर्भ बीजवाहिनीत राहिलेला असू शकतो. दोन्ही वेळी तातडीने रुग्णालयात जावे. लघवीतून किंवा शौचातून रक्त येणे लवकर दाखवावे. खोल आजार असलेल्या स्त्रीच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण मूत्रपिंडाकडून येणारी नळी दाबली गेली तर मूत्रपिंड काहीही न दुखता निकामी होऊ शकते.

अंडाशयाच्या काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका या आजारात किंचित वाढतो, पण एकूण शक्यता कमीच राहते आणि त्यासाठी निरोगी अंडाशये काढून टाकण्याची गरज नसते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उतरल्यावर बहुतेक जणींचा त्रास कमी होतो. त्या वयात गरम वाफांसाठी किंवा हाडांसाठी हार्मोनचे औषध सुरू करताना आपल्याला पूर्वी एंडोमेट्रिओसिस होते हे डॉक्टरांना सांगावे, गर्भाशय काढलेले असले तरीही सांगावे, कारण औषधाचा प्रकार त्यावरून ठरतो. आणि पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा दुखू लागले, गाठ दिसली किंवा रक्त गेले, तर ते जुन्याच आजाराचे असेल असे गृहीत न धरता तपासून घ्यावे.